शेजारच्या सीटची स्प्रिंग

गुरुवारी सकाळी साडेनऊला, कालव्याच्या पुलावरून उतरताना, बाईंनी "थांबवा!" म्हणून असा काही आवाज दिला की शेजारून जाणारा सायकलवालासुद्धा थांबला. घड्याळजींनी ब्रेक दाबला. बाई उतरल्या, दार लावलं, केस सारखे केले आणि एक हात कमरेवर ठेवून घराच्या दिशेने चालायला लागल्या. घर तिथून अडीच किलोमीटर होतं.

"अगं, बस ना! हळू चालवतो," घड्याळजी त्यांच्यामागून गाडी रांगवत म्हणाले.

"अहो, जीभ चावली माझी! दोनदा! तुमची गाडी तुम्हाला लखलाभ. मी मेले तरी पुन्हा हिच्यात बसायची नाही."

बाईंच्या तोंडून 'मेले तरी' घड्याळजींनी एकतीस वर्षांच्या संसारात दोनदाच ऐकलं होतं. एकदा त्यांच्या हातची कॉफी प्यायल्यावर आणि एकदा मेहुण्याबरोबर पत्ते खेळल्यावर. दोन्ही वेळा बाईंनी शब्द पाळला होता. कॉफी आजतागायत बाईच करतात.

घड्याळजी म्हणजे खरोखरचे घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली आणि मिटली. अंगाने काटकुळे, वजन छप्पन्न किलो, तेही खिशात पाना असेल तर. आणि बाई म्हणजे शाळेतल्या पी.टी.च्या बाई. उंच, भरदार, शिट्टीची गरज नसलेल्या. त्यांनी शिकवलेले लोक आता पन्नाशीला आले, तरी बाई रस्त्यात दिसल्या की पोट आत घेऊन उभे राहतात.

आणि ही गाडी. दोन सीटची, बिनटपाची, बुटकी, जुन्या जमान्यातली स्पोर्ट्स कार. अकरा वर्षांपूर्वी एका कोंबड्यांच्या खुराड्यातून घड्याळजींनी तिचा सांगाडा उचलून आणला होता. त्यातली एक कोंबडी तर गाडी सोडायलाच तयार नव्हती. तेव्हापासून एकेक स्क्रू करत त्यांनी ती उभी केली. रंग दिला बाटलीसारखा हिरवा, म्हणून गल्लीत तिचं नाव पडलं बाटली. "काका कुठेत?" "असतील बाटलीपाशी." नवीन भाडेकरू हे ऐकून घड्याळजींकडे पुढे वर्षभर जरा हळहळून बघायचे.

येत्या रविवारी जुन्या गाड्यांची चढाई होती. टेकडीवरचा रस्ता, बारा वळणं, वर पोचायचं आणि खाली यायचं. नियम एकच, प्रत्येक गाडीत दोन माणसं पाहिजेत. घड्याळजींना जिंकायचं नव्हतं. बाटलीच्या पुढे बिस्किटाच्या कारखान्याची गाडीसुद्धा जाते. त्यांना एवढंच पाहिजे होतं की शेजारच्या सीटवर बायको बसलेली असावी, वाऱ्याने तिचे केस विस्कटावेत आणि ती खदाखदा हसत असावी. अकरा वर्षं प्रत्येक स्क्रू पिळताना त्यांच्या डोळ्यांसमोर तेच होतं. हे त्यांनी बाईंना कधी सांगितलं नव्हतं. घड्याळजी तसे फार बोलणारे नव्हेत, आणि बाईंपुढे बोलायला जागा मिळणंही मुश्कील.

बाई नाही म्हणाल्या तर शेजारच्या सीटवर मेहुणा बसणार होता. फॉर्मवर 'राखीव' म्हणून त्याने आपलं नाव स्वतःच घुसडलं होतं. वर गॉगलही घेऊन ठेवला होता.

दुपारी तो आलाच, आयत्या बिळावर नागोबा.

"दाजी, कळलं मला. ताई चालत आली म्हणे! सांगत होतो ना, स्प्रिंगा अजून मऊ करा, मऊ! उशी झाली पाहिजे उशी!"

"अरे, मऊच तर करतोय," घड्याळजी कपाळाला हात लावून म्हणाले.

आणि तेच तर कळत नव्हतं त्यांना. पहिल्या मालकाने गाडीला शर्यतीच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. एक सेंटीमीटर दाबायची तर चोवीस किलो ठेवावे लागत. त्यात बाई पहिल्यांदा बसल्या आणि म्हणाल्या, "रणगाडा बरा." बरोबर होतं. घड्याळजींनी त्या काढून चौदा किलोच्या घातल्या. बाई बसल्या, चष्मा उडाला. म्हणाल्या, "आधीचं बरं होतं." मग घड्याळजींनी अकराच्या घातल्या. स्वतः एकटे फेरी मारून आले. शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला होता. कालव्याचा पूल ओलांडला, खडीचा रस्ता ओलांडला, पण एक थेंब सांडला नाही! घड्याळजी भर रस्त्यात "व्वा!" म्हणून ओरडले होते. ग्लास उचलून तिथल्या तिथे पिऊन टाकला होता.

आणि तोच पूल, तीच गाडी, तोच वेग, फक्त ग्लासच्या जागी बाई. तर धाड! जणू खालून कुणी हातोडा घातला.

म्हणजे स्प्रिंग जितकी मऊ, तितका बायकोला दणका जास्त. घड्याळजींनी उभ्या आयुष्यात असं उलटं चालणारं यंत्र पाहिलं नव्हतं. चावी उलटी पिळली तर घड्याळ बंद पडतं, पण हे काय भलतंच? त्यांना तर वाटायला लागलं की गाडीला बायको आवडत नाही.

तरीपण दुसरं काही सुचेना. मेहुण्याला तिथेच बोलता ठेवून ते बाटली घेऊन स्प्रिंगवालीकडे निघाले.

स्प्रिंगवालीची शेड गावाबाहेर होती. आत तारेची भेंडोळी, तार गुंडाळायचं लेथ, एक भट्टी, आणि कोपऱ्यात स्प्रिंग दाबून मोजायचा प्रेस. झोपाळ्यापासून ट्रकपर्यंत कशाचीही स्प्रिंग ती वळून देई. वय चाळिशीचं, मनगटं पैलवानासारखी, जीभ त्याहून जोरकस.

"या काका! आता कितीची देऊ?"

"नऊची दे. चारही चाकांना."

"नऊ? नऊ किलोच्या स्प्रिंगा? काका, गाडीला लावायच्यात की बॉलपेनला?"

"थट्टा नको गं. रविवारी चढाई आहे. तुझ्या बाई बसायला तयार नाहीत. आज जीभ चावली त्यांची."

'तुझ्या बाई' म्हटल्याबरोबर स्प्रिंगवालीने खांदे सरळ केले, टाचा जुळवल्या. शाळेत तिला गोळाफेक बाईंनीच शिकवली होती. "बाईंची जीभ? मग हे प्रकरण गंभीर आहे," ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन गाडीखाली शिरली.

खालून बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग एकदम हसण्याचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा, मग पत्र्याची शेड दणाणेल इतका.

"काय झालं?" घड्याळजी ओणवे झाले.

"काका, या. आडवे व्हा. तुमच्या बाजूचा रबराचा ठोकळा बघा."

प्रत्येक चाकाच्या वर एकेक रबरी ठोकळा असतो. स्प्रिंग पूर्ण दबली तर लोखंडाने लोखंडाला ठोकू नये म्हणून. घड्याळजी आडवे झाले. त्यांच्या बाजूच्या मागच्या ठोकळ्यावर धूळ होती आणि धुळीवर कोळ्याने निवांत जाळं विणलं होतं.

"आता शेजारच्या बाजूचा."

शेजारच्या बाजूचा ठोकळा चेपून चेपून नाण्याएवढा उरला होता, आणि वर आरशासारखा चकचकीत.

"बाई बसल्या की त्या बाजूची स्प्रिंग आधीच तळाला जाते," स्प्रिंगवाली सरपटत बाहेर येत म्हणाली. "मग खड्डा आला की दबायला जागाच नाही. बाई स्प्रिंगवर बसतच नाहीत काका, ठोकळ्यावर बसतात! तुम्ही जेवढी मऊ कराल तेवढ्या लवकर ठोकळ्यावर. आणि नऊची घातली असती तर सरळ रस्त्यावर."

घड्याळजी तिथेच, गाडीखाली, उताणे पडून राहिले. इतके दिवस बायकोला सुख लागावं म्हणून ते मर मर मरत होते आणि प्रत्येक वेळी तिला आगीतून फुफाट्यात टाकत होते.

"हिशेब कुठाय तुमचा? कुणाचं किती वजन धरलंत? वही दाखवा."

वही घरी राहिली होती. घड्याळजींनी घरी फोन लावला. मेहुण्याने उचलला आणि काही सांगायच्या आधीच म्हणाला, "दाजी, ताई निघाली वही घेऊन. तुम्ही विसरलात ना टेबलावर. पण जरा जपून हं. जाताना तिने ती उघडली."

घड्याळजींनी फोन ठेवला. वहीत काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं.

दहा मिनिटांत बाईंची लहानशी पांढरी गाडी शेडपुढे थांबली. बाई उतरल्या. स्प्रिंगवालीने पोट आत घेतलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. वही उघडून त्यांनी घड्याळजींच्या नाकापुढे धरली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"गाडी, सहाशे ऐंशी. पेट्रोल, तीस. चालक, छप्पन्न. हत्यारांची पिशवी, चार किलो दोनशे ग्रॅम. शेजारची सीट..." बाई थांबल्या. "शेजारची सीट, शून्य."

भट्टी तेवढी घरघरत होती.

"पिशवी चार किलो दोनशे," बाई म्हणाल्या. आवाज मैदानावरचा नव्हता, आणि तेच जास्त वाईट. "पिशवीचं ग्रॅममध्ये वजन आहे अहो. आणि मी शून्य? अकरा वर्षं तुम्ही या गाडीसाठी जागलात, जेवण थंड केलंत, माझ्या वाढदिवसाला हात काळे करून आलात. मी म्हटलं असू दे, पुढेमागे आपण दोघं फिरू. आणि इथं माझी सीट रिकामी धरलीय!"

"रिकामी नाही गं..."

"मग काय आहे हे?"

घड्याळजींनी एकदा स्प्रिंगवालीकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती.

"तुझं वजन विचारायची हिंमत झाली नाही," ते एका दमात म्हणाले. "पहिल्या दिवशीच विचारायला आलो होतो. तू उभी राहून आंबट तोंड करून घरातला वजनकाटा कपाटामागे टाकत होतीस. मी परत गेलो. अंदाजाने लिहावं म्हटलं तर, जास्त लिहिलं आणि तू पाहिलंस तर मेलो. कमी लिहिलं आणि खोटं निघालं तर गाडी बिघडेल. म्हणून म्हटलं, नंतर विचारू. शून्य नंतरसाठी आहे गं. ती जागा तुझीच होती. नट पिळताना दर वेळी मनात तू तिथंच बसलेली असायचीस. हसत." इतकं बोलून त्यांना धाप लागली. एवढं सलग ते लग्न ठरतानाही बोलले नव्हते.

बाईंचे ओठ थरथरले. घड्याळजींना वाटलं, संपलं, रडतायत. पण बाईंना हसू फुटलं होतं. ते आधी नाकातून आलं, मग खांद्यांत उतरलं, आणि मग त्या वही छातीशी धरून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"मला घाबरलात? वजन विचारायला? अहो, विचारायचं! फार तर वहीच फेकून मारली असती!"

"तेच म्हणतो मी."

"ए गोळाफेक," बाईंनी स्प्रिंगवालीकडे वळून विचारलं, "वजनकाटा कुठाय तुझा?"

तारेची भेंडोळी तोलायचा लोखंडी काटा कोपऱ्यात होता. बाईंनी चपला काढल्या. मग म्हणाल्या, "नाही, गाडीत काय अनवाणी बसणार आहे?" चपला पुन्हा घातल्या, पर्सही खांद्याला अडकवली आणि काट्यावर ताठ उभ्या राहिल्या. काटा धाडकन गेला, डुलला आणि थांबला.

"वाच. मोठ्याने वाच. बाहेर रस्त्यावर ऐकू जाऊ दे."

"सत्त्याऐंशी किलो, बाई!"

"लिहा," बाई घड्याळजींना म्हणाल्या. "अक्षर नीट काढा."

घड्याळजींनी शून्य खोडलं आणि सत्त्याऐंशी लिहिलं. केसाएवढे स्क्रू बसवायचे तसं, जपून.

मग तिघं हिशेबाला बसले. 'मेले तरी' बाजूला ठेवून बाई गाडीत जाऊन बसल्या, स्प्रिंगवालीने मागच्या चाकापाशी पट्टी धरली आणि वाकून ओरडली, "ठोकळ्यापर्यंत अर्धा सेंटीमीटर!" बाई उतरल्या. "पाच!" बाई पुन्हा बसल्या. उतरल्या. पाचव्या वेळी म्हणाल्या, "मला शिक्षा करतेयस का गं, शाळेतली?" स्प्रिंगवाली म्हणाली, "नाही बाई, खात्री करतेय," पण तिला फार मजा येत होती हे लपत नव्हतं.

शेवटी ठरलं. चालकाच्या बाजूला चौदाच्या. शेजारच्या बाजूला मागे अठराची, उंचीला एक बोट जास्त, आणि पुढे सोळाची.

"अठरा?" घड्याळजी चरकले. "अगं, अकरानेच जीभ चावली. अठराने दात पडतील!"

"काका, दबायला जागा राहिली तर स्प्रिंग स्प्रिंगचं काम करेल. पण तुम्हाला पटत नसेल तर नऊ देते. बाईंना तुम्ही सांगा."

"अठरा दे," घड्याळजी घाईने म्हणाले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत चारही बसल्या. बाटली शेजारच्या बाजूला अशी उचलून उभी राहिली की जणू एक खांदा उडवून "मला काय!" म्हणतेय. घड्याळजींनी एकट्याने फेरी मारली. ग्लास पहिल्याच खड्ड्यात उडून मागच्या झुडपात गेला. घड्याळजींचा जीव खालीवर झाला. बाईंना हे सांगावं की नाही? नाही सांगितलं.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी वीस-बावीस जुन्या गाड्या उभ्या होत्या. मेहुणा गॉगल लावून, हातमोजे घालून बाटलीच्या दाराशीच उभा होता.

"ताई, तू दमली असशील तर मी आहे हं. मनावर घेऊ नकोस."

"हो बाजूला," बाई म्हणाल्या आणि बसल्या. गाडी बसली, सपाट झाली, दोन्ही खांदे एका पातळीवर आले. घड्याळजींनी शेजारी पाहिलं. बाईंनी दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं आणि दात आवळले होते.

झेंडा पडला. बाटली निघाली. पहिल्या वळणाआधीच रस्त्यावर आडवा उंचवटा होता. घड्याळजींनी डोळे मिटायचे तेवढे राहिले. पुढची चाकं गेली. मागची चाकं गेली.

काही झालं नाही. गाडी हळूच वर गेली आणि हळूच खाली आली.

बाई गप्प होत्या. दुसरं वळण, तिसरं वळण, मग खडी. बाई अजून गप्प. एकतीस वर्षांत त्या सलग इतक्या गप्प कधी बसल्या नव्हत्या. पाचव्या वळणाच्या उंचवट्यावरून गेल्यावर घड्याळजींना राहवेना.

"अगं, लागलं का?"

"कुठे काय आलं लागायला?" बाईंनी विचारलं. मग मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. "तो उंचवटा? गेला?"

"गेला."

"अय्या!" बाईंनी दार सोडलं. हात वर केले. केस सुटले, आणि सहाव्या वळणावर त्यांनी अशी आरोळी ठोकली की पुढची लाल गाडी बिचकून बाजूला झाली आणि बाटली आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे गेली. "पळवा! अहो, पळवा!" बाई हसत होत्या. तोंड उघडून, मान मागे टाकून, खदाखदा. घड्याळजींना रस्ता दिसेना, कारण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि बारा वळणांच्या रस्त्यावर हे बरं नव्हे. तरी ते हसत होते. दोघंही हसत होते, आणि का ते कुणालाच सांगता आलं नसतं.

टेकडीवर पोचल्यावर बाई उतरल्या. गाडीला वळसा घालून घड्याळजींच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"सरका."

"काय?"

"खाली उतरताना मी चालवणार. सरका तिकडे."

"अगं, पण स्प्रिंगा! त्या तुझ्या वजनाच्या आहेत तिकडच्या, मी बसलो तर..."

"अहो, सरका म्हणते ना."

घड्याळजी सरकले. अकरा वर्षांत ते त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. सत्त्याऐंशी किलोंसाठी वळलेल्या स्प्रिंगवर छप्पन्न किलोंचा माणूस. पहिल्याच उंचवट्यावर ते टुणकन वर उडाले, दुसऱ्यावर टोपी गेली, तिसऱ्यावर त्यांच्या दाढा एकमेकींवर आपटल्या. बाई वाऱ्यावर केस सोडून, एका हाताने, झोकात चालवत होत्या.

"लागतंय का हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

"लागतंय!" घड्याळजी हवेतून म्हणाले. "थांबू नकोस!"